मागे श्री लिहिलेला आरसा

कॉलेजच्या प्रवेशाच्या मुलाखतीत मला विचारलं होतं, फिजिक्सच का? मी ताठ मानेनं सांगितलं, "मी स्वतःच्या हातानं घासलेल्या आरशातून शनीचं कडं पाहिलंय." समोर बसलेल्या मॅडमनी हातातलं पेन खाली ठेवलं आणि म्हणाल्या, आता सगळं नीट सांग. मला प्रवेश मिळाला. पुढे ते वाक्य मी कुठं कुठं वापरलं याचा हिशोब नाही. सुट्टीत नाशिकला मावशीकडे, वर्गातल्या मैत्रिणींत, एका भाषणस्पर्धेतसुद्धा. आता ते आठवलं की कान तापतात. कारण ते वाक्य खोटं होतं, आणि ते खोटं आहे हे माझ्या घरात मला सोडून सगळ्यांना ठाऊक होतं.

आम्ही कोलकात्याला आलो ते बाबांच्या बँकेतल्या बदलीमुळे. बेहालात भाड्याचा फ्लॅट घेतला, खाली सोफ्याच्या गाद्या शिवणारं दुकान. दोन-तीन वर्षांत परत जायचं होतं, पण माझी शाळा मोडायला नको म्हणून बाबा विनंत्या करकरून इथंच राहिले. घरात मराठी, दाराबाहेर बंगाली. राग आला की मी अजूनही बंगालीत सुरू होते आणि आई बाबांना म्हणते, "हं, गेली बाई कालीघाटला."

अकरावीत मी एका विज्ञान क्लबात जायला लागले. क्लब म्हणजे जुन्या इमारतीच्या गच्चीवरची एक पत्र्याची खोली आणि एक सर. सर भौतिकशास्त्राचे निवृत्त शिक्षक. आठवड्यातून दोनदा बराकपूरहून सियालदाला लोकलनं आणि तिथून बस बदलत यायचे. पहिल्याच दिवशी त्यांनी आम्हाला ग्रहांची चित्रं वगैरे काही दाखवली नाहीत. दोन जाड, गोल, सहा इंचांच्या काचा टेबलावर ठेवल्या आणि म्हणाले, दुर्बिणीचा जीव आरशात असतो, तो कोण घासणार? सगळ्यांनी हात वर केले. पहिल्या पावसाळ्यापर्यंत मी एकटी उरले.

आरसा घासणं म्हणजे काय ते सांगते. एक काच लोखंडी पिंपावर पक्की बसवायची. तिच्यावर पाणी आणि काळी, खरखरीत पूड टाकायची. दुसरी काच वर ठेवून दोन्ही हातांनी पुढंमागं ढकलायची, आणि ढकलता ढकलता पिंपाभोवती फिरत राहायचं. बस. खालची काच हळूहळू फुगत जाते आणि वरची खोलगट होते. पूड दिवसेंदिवस बारीक होत जाते, खरखर कमी होत जाते. माझ्या तळहाताला घट्टे पडले. आई ते बघून हळहळायची, "मुलीच्या जातीला हे काय गं, जात्यावर बसवल्यासारखं!" पण रात्री खोबरेल तेल लावून तीच ते हात चोळायची.

घासायला सुरुवात करायच्या आदल्या दिवशी आईनं विचारलं होतं, "श्री लिहिलंस का?" आमच्याकडे नव्या वहीच्या पहिल्या पानापासून लग्नाच्या यादीपर्यंत सगळ्यावर आधी श्री लागतं. मी सरांची काच कापायची लेखणी घेऊन काचेच्या पाठीवर, जिथं कुणाची नजर जात नाही तिथं, वेडंवाकडं श्री कोरलं. सर म्हणाले, "हे काय, तुमच्या मुलखातला ट्रेडमार्क?" आणि पोट धरून हसले. मला ते आवडलं होतं. सर मला आवडायचे, हे सांगायलाच हवं. आज त्यांच्याबद्दल लिहिताना दात-ओठ खावेसे वाटतात, ते त्यामुळेच.

शेवटी पॉलिश आणि मग परीक्षा. खोलीच्या दुसऱ्या टोकाला बारीक छिद्राचा दिवा ठेवायचा, आरशावरून परत आलेला उजेड दाढीच्या पात्यानं कापायचा आणि पात्यामागून आरशाकडे बघायचं. काच सपाट-गुळगुळीत दिसते ना, तिच्यावर एकदम डोंगर-दऱ्या उभ्या राहतात. सरांनी एकदा मला काचेवर क्षणभर अंगठा टेकवायला लावला आणि मग पात्यामागून बघायला सांगितलं. जिथं अंगठा टेकला होता तिथं टेकडी उगवली होती. माझ्या अंगातल्या उबेनं काच फुगली होती. हळूहळू ती टेकडी विरघळून गेली. मी श्वास रोखून बघत होते. त्या दिवशी मी ठरवलं की आयुष्यात हेच करायचं.

काच तयार झाली की तिच्यावर ॲल्युमिनियमचा मुलामा चढवावा लागतो, तेव्हा ती आरसा होते. त्यासाठी ती बाहेरगावी पाठवली. परत आली ती नेमकी मी बारावीत असताना, दुर्गापूजेच्या तोंडावर. क्लब बंद होणार होता. सरांनी खोका माझ्या हातात दिला आणि बजावलं, "घरी ठेव, कोरड्या जागी. पुसायचा नाही, फुंकायचा नाही, बोट लावायचं नाही." मी घरी येऊन तेच आईला बजावलं. बाबांच्या जुन्या मऊ धोतरात गुंडाळून आरसा कपाटावर ठेवला आणि मैत्रिणींबरोबर मंडप बघायला निघून गेले. पूजेत कोण घरात बसतं इथं!

मी परत आले तेव्हा कपाटावर आरसा नव्हता. बाबा म्हणाले, "तुझ्या सरांचा फोन आला होता. आरसा नळीत बसवून बघायचाय म्हणाले. मीच पोचवून आलो." मी थोडी फुरंगटले, कारण माझा आरसा मला स्वतःला बसवायचा होता. आई स्वयंपाकघरातून बाहेरच आली नाही. तिचं डोकं दुखत होतं म्हणे. मला काय कळणार! आई-बाबा खोटं बोलत असतील असं कुणाच्या मनात तरी येतं का?

कालीपूजेनंतर, म्हणजे आपल्या दिवाळीनंतर, क्लबाचा कार्यक्रम झाला. शाळेचं पटांगण, खुर्च्या, पाहुणे, हारतुरे. सरांनी माइकवरून सांगितलं की ही दुर्बीण आमच्या विद्यार्थिनीनं स्वतः घासलेल्या आरशाची आहे, आणि पहिला मान तिचा. टाळ्या पडल्या. मी डोळा लावला. काळ्याभोर वर्तुळात एवढासा पिवळसर शनी, आणि त्याच्याभोवती कडं. मधली फट दिसत होती, काळी. मी रडले, चक्क हुंदके देऊन रडले. मागे बाबा सारखे खाकरत होते. मी आईला ओढून आणलं, "बघ ना गं!" तिनं हात सोडवून घेतला. "मला काय कळतंय त्यातलं," म्हणाली आणि खुर्च्यांच्या शेवटच्या रांगेत जाऊन बसली. पुढे कितीदा बोलावलं, पण आईनं त्या दुर्बिणीला कधी डोळा लावला नाही. मला वाटायचं, संकोचते.

यंदा पावसाळ्याच्या शेवटी क्लबातल्या मुलींचा फोन आला. सर गुडघ्याच्या ऑपरेशननंतर येत नव्हते, आणि दुर्बिणीतून सगळं धुरकट दिसत होतं. "दीदी, आरसा ओल्या फडक्यानं पुसू का?" मी ओरडलेच, "खबरदार हात लावलात तर!" कोलकात्याची हवा आरशांची वैरी. बुरशी धरली असणार, नवा मुलामा द्यावा लागणार. मी गेले, नळी आडवी केली, स्क्रू काढले आणि आरसा अलगद बाहेर घेतला. आधी पाठ बघितली. श्री बघायचं होतं मला, कितीतरी वर्षांनी.

पाठ कोरी होती. कडेला छापील क्रमांक आणि कुठल्याशा कारखान्याची खूण.

आधी वाटलं, कुणी बदलला असेल हल्ली, चोरला असेल. मग कडांवरची धूळ बघितली, स्क्रूंवरचा गंज बघितला, आणि लक्षात आलं की हा आरसा पहिल्यापासून याच नळीत आहे. हा कधी निघालाच नव्हता.

घरी पोचले तेव्हा बाबा पेपर वाचत होते आणि आई शेंगा सोलत होती. मी फक्त एवढंच विचारलं, "माझा आरसा कुठंय?" बाबांनी पेपर खाली केला नाही. आईच्या हातातली शेंग तशीच राहिली. मग ती उठली, देव्हाऱ्यापाशी गेली, अन्नपूर्णा आणि बाळकृष्ण बाजूला ठेवले, त्यांच्याखालचं लाल वस्त्र काढलं. खाली माझी काच होती. पालथी. वर श्री.

परीक्षेला जाताना मी रोज त्या देव्हाऱ्यासमोर वाकायचे.

आईनं सांगितलं ते रडत, तुटक सांगितलं. त्या दिवशी खंडेनवमी होती. आपल्याकडे त्या दिवशी घरातल्या हत्यारांची, अवजारांची पूजा असते. बाबांचं पेन, तिचं शिवणयंत्र, विळी, कात्री सगळं तिनं मांडलं. मग तिच्या मनात आलं की लेकीचं आयुष्यातलं पहिलं अवजार कपाटावर धोतरात पडलंय, त्याला हळदकुंकू नको? तिनं ते काढलं. चांदीसारखं चमकत होतं. पूजेला मांडायचं तर स्वच्छ हवं, म्हणून सणाच्या गडबडीत माझं बजावणं विसरून तिनं ते देवाच्या भांड्यांबरोबर चिंच-मीठ लावून घासलं. आधी काळपट डाग पडला, म्हणून तिनं आणखी घासलं. मुलामा निघून गेला, हातात नुसती पारदर्शक काच राहिली.

"मी मेले गं त्या दिवशी," आई म्हणाली. बाबांनी तिला शांत केलं आणि काच घेऊन सरळ बराकपूर गाठलं. सर म्हणाले, हा वाया गेला. पोरीला सांगू नका, बोर्डाचं वर्ष आहे, खचेल. माझ्याकडे याच मापाचा दुसरा आहे, तो बसवतो. काच बाबांनी परत आणली, पण श्री असलेली ती आईला टाकवेना, म्हणून तिनं ती देवांखाली ठेवली.

"आणि तुम्ही ऐकलंत!" मी म्हणाले. तोवर मी बंगालीत गेले होते, आणि आज कुणी कालीघाट काढलं नाही. मी काय काय बोलले ते सगळं लिहिण्यासारखं नाही. आईनं चुकून घासला याचा मला राग नव्हता, आजही नाही. ते तर मी तासाभरात माफ केलं असतं, हसलेही असते. पण मी पटांगणात हुंदके देत होते तेव्हा हे दोघं मागे उभे होते आणि त्यांना माहीत होतं. मी मावशीकडे बढाया मारत होते तेव्हा हे समोर बसून चहा पीत होते. मुलाखतीहून येऊन मी ते वाक्य जसंच्या तसं यांना म्हणून दाखवलं, तर बाबांनी पेढे आणले! तुम्ही मला माझ्याच घरात वेड्यात काढलंत, असं मी म्हणाले. बाबा म्हणाले, "तुझ्या सुखासाठीच गं." तेव्हा माझ्या डोक्यात जी तिडीक गेली!

आणि मग हातातल्या काचेकडे माझं लक्ष गेलं. मी ती खिडकीपाशी नेली, उजेडात फिरवली. एक ओरखडा नाही. कुठून असणार? चिंचेनं आणि मिठानं काच घासली जात नाही. गेला होता तो फक्त मुलामा, केसाहून कितीतरी पातळ थर. तो पुन्हा चढवता येतो. दर काही वर्षांनी चढवावाच लागतो, त्यासाठीच तर मी आज दुर्बीण खोलली होती. माझे घट्टे, माझा तो खोलगटपणा, पात्यामागून तपासलेली ती सगळी काच जशीच्या तशी होती. आणि हे आईला माहीत नसेल, बाबांना माहीत नसेल. सरांना माहीत नव्हतं?

दुसऱ्या दिवशी काच पिशवीत घालून मी सियालदाहून बराकपूरची लोकल पकडली. सर पलंगावर पाय लांब करून बसले होते. मी काच त्यांच्या मांडीवर ठेवली. त्यांनी श्रीवरून बोट फिरवलं आणि हसू आणायचा प्रयत्न केला.

"वाया गेली होती?" मी विचारलं.

त्यांनी खोटं बोलायचे कष्ट घेतले नाहीत. म्हणाले, पुन्हा मुलामा द्यायला महिना लागला असता. पाहुण्यांची तारीख ठरली होती, पटांगण घेतलं होतं, पत्रिका छापल्या होत्या. तुझे बाबा दारात रडत उभे होते. त्यांना समजावत बसण्यापेक्षा वाया गेली म्हणणं सोपं होतं.

"नंतर का नाही सांगितलंत? कार्यक्रम झाल्यावर?"

"नंतर तू इतकी खूश होतीस," सर म्हणाले. आणि मग पुढे झुकून, अगदी वर्गात शिकवताना बोलायचे तसं, इथं लेकीला लावतात ते 'मा' लावून, "शनी तर खराच होता ना, मा? आरसा कुणाचा का असेना. त्यानं काय फरक पडला? तू फिजिक्स घेतलंसच की."

काय फरक पडला! ज्या माणसानं मला काचेवरची अंगठ्याच्या उबेची टेकडी दाखवली, जो म्हणायचा की डोळ्यावर विश्वास ठेवू नका, पात्यानं कापून बघा, तो मला विचारत होता की काय फरक पडला. माझे आई-बाबा घाबरून खोटं बोलले. या माणसानं सगळं माहीत असून, एका कार्यक्रमासाठी, मला फसवलं आणि माझ्या आईला इतकी वर्षं अपराधी करून ठेवलं. मी काच उचलली. त्यांच्या पाया न पडता निघाले, आयुष्यात पहिल्यांदा. त्यांच्या बायकोनं चहा आणला होता, तो तसाच राहिला.

घरी आल्यावर मी आई-बाबांना सांगितलं की काचेला काहीही झालेलं नाही, कधीच झालं नव्हतं. आईला ते पटेना. "सर म्हणाले होते ना वाया गेली," एवढंच ती घोकत राहिली. तेव्हा मी ठरवलं की हिला दाखवायचंच. मुलाम्याची वाटसुद्धा बघायची नाही. कोऱ्या काचेवरूनही थोडा उजेड परततो. बाकी तारे दिसणार नाहीत फारसे, पण शनीपुरता तो पुरतो.

पूजा झाली, कोजागिरीही होऊन गेली, ढग हटले. दिवेलागणीनंतर मी दोघांना क्लबाच्या गच्चीवर नेलं. काच या वेळी मी माझ्या हातांनी नळीत बसवली. पूर्वेला शनी चांगला वर आला होता. मी आधी बघितलं. जरा अंधूक, पण गोळ्याच्या कडा अगदी रेखीव, सुरीनं कापल्यासारख्या. माझा आरसा चांगला होता. कारखान्यातल्या त्या आरशापेक्षाही चांगला होता, हे मी छातीवर हात ठेवून सांगते. मला आनंद झाला आणि त्याच दमात इतका राग आला की डोळ्यांपुढे शनी हलायला लागला. हा पहिला शनी मला तेव्हा मिळायला हवा होता.

"ये," मी आईला म्हणाले. या वेळी ती आली. पदर सावरून वाकली, एक डोळा मिटायला तिला जमेना, तर हातानं झाकून घेतला.

"दिसतोय का?"

"दिसतोय. गोळा दिसतोय." मग जरा थांबून, "कडं कुठंय गं?"

कडं नव्हतं. म्हणजे होतं, पण यंदा शनी असा कललाय की त्याचं कडं आपल्याकडे नुसती धार करून उभं आहे. ताटाकडे अगदी कडेच्या पातळीवरून बघावं तसं. काही वर्षांनी एकदा असं होतंच. नीट बघितलं तर गोळ्याच्या दोन्ही बाजूंना एक बारीकशी रेघ, तीही कळेल न कळेल अशी. हे मला आधीपासून माहीत होतं. आईला सांगायचं मात्र राहून गेलं होतं.

मी सगळं समजावून सांगितलं. आईनं डोळा काढला नाही.

"मी घासलं म्हणून ना?"

"नाही गं आई! अगं, जगात कुठल्याही दुर्बिणीतून यंदा तो असाच दिसतोय. सगळ्यात मोठ्या दुर्बिणीतूनसुद्धा."

ती सरळ उभी राहिली. बाबांकडे बघितलं. बाबा घाईघाईनं म्हणाले, "हो हो, असेल तसं, ती म्हणतेय ना." तो आवाज माझ्या चांगल्या ओळखीचा होता. आरसा पोचवून आलो म्हणाले होते, तेव्हाचा. मी मोबाइल काढला, यंदाचे फोटो दाखवले, तळहात ताटलीसारखा डोळ्यांसमोर आडवा धरून दाखवला. मी शपथ घातली. आई सगळं ऐकत होती, मान हलवत होती, आणि माझ्या पाठीवरून हात फिरवत होती.

"असू दे गं," ती म्हणाली. "आम्हीपण तुला असंच सांगितलं होतं."